मगरीच्या डोळ्यांतले पाणी

आजी गेली तेव्हा मी सहावीत होते. छत्तीसगड राज्य नुकतेच झाले होते. रायपूरच्या तात्यापाऱ्यातले आमचे जुने घर त्या दिवशी माणसांनी भरून गेले होते. नागपूर, दुर्ग, बिलासपूर, जिथून जमेल तिथून नातेवाईक आले होते. माजघरात बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यात सर्वांत मोठ्याने रडत होती ती आमची धाकटी काकू.

नेमकी हीच गोष्ट कोणाला पटत नव्हती. आजीचे आणि काकूचे वीस वर्षांत कधी पटले नाही, हे साऱ्या तात्यापाऱ्याला ठाऊक होते. भातात पाणी जास्त झाले इथपासून पापड कोणत्या गच्चीवर वाळत घालायचे इथपर्यंत दोघींची भांडणे रोजची. आजी अंथरुणाला खिळली तेव्हासुद्धा ती थांबली नाहीत. फक्त एक बाजू झोपून भांडू लागली, एवढेच. अशी ही काकू ऊर बडवून रडते आहे म्हटल्यावर बायकांच्या नजरा एकमेकींकडे वळू लागल्या. शेवटी आत्या माझ्या आईच्या कानाशी लागली आणि हळू, पण चार जणींना ऐकू जाईल इतपतच हळू म्हणाली, "पुरे करा म्हणावं आता हे नक्राश्रू!"

काकूने ते ऐकले. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती जी गप्प झाली, ती तेराव्यापर्यंत कोणी तिच्या डोळ्यांत टिपूस पाहिले नाही. मग त्यावरही बोलणे झालेच. बघा, आटले ना पाणी!

मी संध्याकाळी बाबांना विचारले, नक्राश्रू म्हणजे काय? बाबा शाळेत इंग्रजी शिकवत. दुःखाच्या दिवशीही त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "नक्र म्हणजे मगर. इंग्रजीत 'क्रोकोडाइल टिअर्स' म्हणतात. मगर भक्ष्य खाताना रडते म्हणे. म्हणजे खोटे रडणे, फसवे रडणे." आम्हा मुलांना तेवढे पुरले. काकू अंगणात आली की आम्ही एकमेकांना कोपराने ढोसून म्हणायचो, "मगर आली, मगर आली!"

पुढे पत्रकारितेची पदविका घेऊन मी या धंद्यात पडले, तेव्हा हा शब्द जुना सोबती असल्यासारखा रोज भेटू लागला. विरोधी पक्ष शेतकऱ्यांसाठी नक्राश्रू ढाळतो, सरकार विस्थापितांसाठी नक्राश्रू ढाळते. मथळ्याला जागा कमी असेल तर याच्याइतका सोयीचा शब्द नाही. मीही तो बिनदिक्कत वापरला आहे. पण हा शब्द आला कोठून आणि मगर खरेच रडते का, हे शोधायला बसले ते आता, या स्तंभाच्या निमित्ताने. आणि वाचकहो, जे हाती लागले त्याने मला जरा अवघडायलाच झाले.

ही कल्पना इंग्रजांचीही मूळची नव्हे. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला फोटिओस नावाचे मोठे ख्रिस्ती धर्मगुरू होऊन गेले. वाचलेल्या पुस्तकांची टिपणे काढून त्यांनी एक प्रचंड ग्रंथ केला. नाईल नदीतल्या मगरी माणसाला खाल्ल्यावर उरलेल्या डोक्यापाशी बसून रडतात, अशी समजूत त्यात आली आहे. कशासाठी रडतात? पश्चात्तापाने नव्हे, तर डोक्यावर खाण्याजोगे मांस फारसे नसते म्हणून! पाप करून वर डोळे गाळणाऱ्या ढोंगी भक्ताला मारलेला हा टोमणा होता.

युरोपच्या घराघरांत ही मगर पोचली ती चौदाव्या शतकातल्या एका प्रवासवर्णनामुळे. सर जॉन मँडेव्हिल या नावाने ते लिहिलेले आहे. ते आधी फ्रेंचमध्ये आणि पुढे इंग्रजीसह अनेक भाषांत निघाले आणि हातोहात खपले. हे गृहस्थ खरोखर कोण होते आणि घराबाहेर तरी पडले होते का, याबद्दल पंडितांना दाट शंका आहे. बराचसा मजकूर दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उचललेला. त्यात त्यांनी लिहिले आहे की अमुक एका देशात मगरींचा सुळसुळाट आहे, त्या माणसांना मारतात आणि रडत रडत खातात. त्यांना जीभ नसते, आणि खाताना त्या खालचा जबडा न हलवता वरचा हलवतात. आता मगरीला जीभ असते. ती तोंडाच्या तळाला चिकटलेली असल्याने बाहेर काढता येत नाही, इतकेच. जबडाही ती आपल्यासारखा खालचाच हलवते. म्हणजे तीन गोष्टींतल्या दोन सपशेल चुकीच्या. आणि हा मगरींनी भरलेला देश कोणता? मँडेव्हिलसाहेब सांगतात, तो भाग आणि सगळा हिंदुस्थान!

हे वाचून मला हसू आले. ज्याने बहुधा हिंदुस्थान पाहिलाच नाही अशा माणसाने आपल्या नद्यांतली मगर रडवली. ते रडणे इंग्रजीत वाक्प्रचार होऊन रुळले. आणि पुढे इंग्रजी शिकलेल्या आपल्या लोकांनी त्याला 'नक्राश्रू' असा संस्कृत पोशाख चढवून पुन्हा घरी आणले. आज तो शब्द इतका सोवळ्यातला वाटतो की तो पुराणातूनच आला असेल अशी कोणाचीही समजूत व्हावी.

सोळाव्या शतकात या गोष्टीला आणखी एक फाटा फुटला. इंग्रज दर्यावर्दी जॉन हॉकिन्स १५६५ साली अमेरिकेच्या किनाऱ्याला गेला होता. त्या सफरीच्या वर्णनात मगरीबद्दल वेगळेच लिहिले आहे. ती खाताना नव्हे, तर खाण्याच्या आधी रडते. माणसासारखे हुंदके देते, कोण रडते आहे म्हणून दयाळू वाटसरू जवळ जातो आणि तिच्या तोंडी पडतो. म्हणजे आधीच्या गोष्टीतली मगर ढोंगी, ही तर पक्की ठकसेन. वाक्प्रचाराला फसवणुकीचा जो गडद रंग आहे तो या दुसऱ्या गोष्टीचा.

आणि मग तो शब्द शेक्सपिअरच्या हाती गेला. इथे जरा थांबायला हवे, कारण माझे अवघडलेपण इथूनच सुरू झाले. 'सहावा हेन्री'च्या दुसऱ्या भागात राणी मार्गारेट राजाला भोळा ठरवताना म्हणते की ग्लॉस्टरच्या सरदाराचा साळसूदपणा म्हणजे वाटसरूला भुलवणाऱ्या शोकमग्न मगरीसारखा आहे. पण नाटक पाहणाऱ्याला माहीत असते की ग्लॉस्टर हाच दरबारातला राजनिष्ठ माणूस आहे. पुढे त्याचा खून होतो, आणि कट करणाऱ्यांत ही राणीच असते. दुसरी जागा 'ऑथेल्लो'तली. गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंझारराव' म्हणून मराठी रंगभूमीवर आणलेले हेच ते नाटक. संशयाने पछाडलेला ऑथेल्लो चारचौघांत बायकोला मारतो, ती रडते, आणि तो म्हणतो की हिच्या अश्रूंनी जमिनीला गर्भ राहिला तर थेंबाथेंबातून मगरच निपजेल. डेस्डेमोना निरपराध आहे. तिचे अश्रू संपूर्ण खरे आहेत.

दोन्ही वेळा मगर म्हटले गेले ते निष्पापाला. दोन्ही वेळा म्हणणारा चुकलेला किंवा लबाड. शेक्सपिअरसारख्या माणसाने हे योगायोगाने केले असेल असे मला वाटत नाही.

आपल्या मातीतली मगर मात्र रडत नाही. ती पकडते. गजेंद्रमोक्षाच्या कथेत नक्र हत्तीचा पाय धरतो आणि सोडत नाही. 'मगरमिठी' हा शब्द आपला, अनुभवातून आलेला. पंचतंत्रातला करालमुख मगर फसवतो, पण अश्रूंनी नव्हे, तर आमंत्रणाने. जांभळाच्या झाडावरच्या रक्तमुख वानराला तो जेवायला घरी बोलावतो, आणि पाण्याच्या मध्यावर गेल्यावर खरे सांगून बसतो की बायकोला तुझे काळीज हवे आहे. वानर म्हणतो, अरेरे, ते तर झाडावरच राहिले! शेवटी फसतो तो मगरच. आणि मराठीतली खास म्हण तर याच्याही पुढची आहे : सुसरबाई, तुझी पाठ मऊ. सुसरीची पाठ म्हणजे खडबडीत दगड, पण पलीकडच्या काठाला जायचे असेल तर ती लोण्यासारखी आहे असे म्हणावे लागते. या म्हणीत फसवणारा माणूस आहे, सुसर नाही! आपल्या म्हणी करणाऱ्या आजीबायांना नदीही माहीत होती आणि माणूसही.

इकडे रायपूरला आमच्या मराठीत हिंदी मिसळलेली असल्याने 'घडियाली आँसू' हाही शब्द कानावर पडतो. तो तर बिचाऱ्या घडियालवर दुहेरी अन्याय. घडियाल म्हणजे लांबट, चिंचोळ्या तोंडाची, नराच्या नाकावर घड्यासारखा फुगवटा असणारी जात. तिचे मुख्य अन्न मासे. माणूस खाण्यासाठी ते तोंडच घडलेले नाही.

मग मगर रडतेच कशी? रडत नाही, पण तिच्या डोळ्यांतून पाणी येते हे खरे. तिला अश्रुग्रंथी असतात, डोळ्यावर एक तिसरी पारदर्शक पापणी असते, आणि डोळा ओला राखायला पाणी लागतेच. जमिनीवर बराच वेळ पडून राहिली की ते दिसते. पण खाताना? यावर अमेरिकेत फ्लोरिडाच्या केंट व्लीट या प्राणिशास्त्रज्ञाने आणि माल्कम शेनर या मेंदूविकारतज्ज्ञाने प्रयोग केला आणि २००७ साली तो प्रसिद्ध केला. मगरी सहसा पाण्यात खातात, तेव्हा डोळ्यांतले पाणी ओळखणार कसे? म्हणून त्यांनी सेंट ऑगस्टीनच्या प्राणिसंग्रहालयातले, कोरड्या जमिनीवर खायची सवय लावलेले सात प्राणी निवडले. हे मगरीचे जवळचे नातलग, केमन आणि ॲलिगेटर जातीचे. सातांपैकी पाच जणांच्या डोळ्यांत खाताना पाणी आले, काहींच्या तर फेस आणि बुडबुडे. त्यांचा अंदाज असा की खाताना हे प्राणी जोराने फुसफुसतात, ती हवा नाकाच्या पोकळ्यांतून अश्रूंना डोळ्यांकडे ढकलते. यात ना पश्चात्ताप, ना कावा. कांदा चिरताना आपल्या डोळ्यांत येते त्याला कोणी विरह म्हणत नाही.

शेनर हे मेंदूविकारतज्ज्ञ असून मगरींकडे वळले त्यालाही कारण आहे. माणसांना होणाऱ्या एका व्याधीचे नावच डॉक्टरी पुस्तकांत 'मगरीचे अश्रू' असे आहे. बोगोराद या रशियन डॉक्टरांनी १९२०च्या दशकात तिचे वर्णन केले. अर्धा चेहरा लुळा पडून तोंड वाकडे झालेले रुग्ण आपण पाहतो. त्यातले बहुतेक बरे होतात. पण बरे होताना चेहऱ्याच्या नसेचे तंतू नव्याने वाढतात, आणि क्वचित काही तंतू वाट चुकतात. लाळेच्या ग्रंथीकडे जायचे ते अश्रुग्रंथीकडे जातात. मग असा माणूस घास तोंडात घालतो आणि त्याच्या एका डोळ्यातून धार लागते. लग्नाच्या पंगतीत जेवताना रडणाऱ्या अशा माणसाकडे लोक कसे बघत असतील याची कल्पना करा. घरातल्या कोणाला असे होत असेल तर लाजून जेवण टाळू नये, मेंदूविकारतज्ज्ञाला किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. यावर उपचार आहेत.

आता मगरीच्या बाजूने एवढे बोलल्यावर आमच्या छत्तीसगडातल्या मगरींबद्दल सांगायलाच हवे. हा तळ्यांचा मुलूख. गावाचे जगणे तळ्याभोवती. जांजगीर-चांपा जिल्ह्यात कोटमी सोनार नावाचे गाव आहे, बिलासपूरहून चांप्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर. तिथल्या तळ्यांत पिढ्यानपिढ्या मगरी राहत आल्या. पुढे वनखात्याने त्यांच्यासाठी एका मोठ्या तळ्याला कुंपण घालून उद्यान केले. गोव्यात तर कुंभारजुवे कालव्याच्या परिसरात पौष महिन्यात चिखलाची मगर घडवून तिची पूजा करायची रीत आहे. हे सगळे वाचून मगर गरीब गाय आहे असे मात्र कोणी समजू नये. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी तिने माणसे ओढून नेली आहेत. मगर ती मगरच.

पण बावामोहतऱ्याची गोष्ट वेगळी. रायपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागले की बेमेतरा लागते. त्या जिल्ह्यातले हे गाव. तिथल्या तळ्यात एक मगर होता. गावकऱ्यांनी त्याचे नाव ठेवले होते गंगाराम. पोरे त्याच तळ्यात पोहायची, बायका त्याच घाटावर धुणे धुवायच्या, आणि त्याने कधी कोणाला इजा केली नाही असे गाव सांगते. लोक त्याला डाळभात घालायचे, तो खायचा. त्याचे वय गावकरी १३० वर्षे सांगत. हा आकडा अर्थात प्रेमाचा, मोजमापाचा नव्हे.

८ जानेवारी २०१९ रोजी गंगाराम मेलेला आढळला. मगर हा कायद्याने संरक्षित प्राणी, म्हणून वनखात्याची माणसे आली. त्यांनी मापे घेतली : लांबी ३.४ मीटर, वजन २५० किलो. मृत्यू नैसर्गिक निघाला. पण गावाने देह नेऊ दिला नाही. तो आमचा आहे, अंत्यविधी आम्हीच करणार, असे लोक म्हणाले आणि खात्यानेही मानले. मग त्याला हार-फुलांनी सजवून ट्रॅक्टरवरून मिरवत नेले आणि तळ्याजवळच पुरले. सुमारे ५०० माणसे जमली होती. वर्तमानपत्रांत आलेली छायाचित्रे मी त्या वेळी पाहिली होती. लोक त्याच्या अंगाला हात लावून नमस्कार करत होते, आणि रडत होते. त्या दिवशी गावात चुली पेटल्या नाहीत अशीही बातमी होती.

त्या छायाचित्रांपुढे आमच्या वर्तमानपत्री भाषेची मला गंमत वाटली. मगरीचे अश्रू खोटे असे आपण सहाशे वर्षे म्हणत आलो, आणि इथे मगरीसाठी गाळलेल्या अश्रूंना खोटे म्हणायची कोणाची छाती नव्हती.

या शब्दाला हद्दपार करा असे मी म्हणत नाही. ज्याने स्वतः घाव घातला तोच जखमेपाशी बसून रडतो, तेव्हा दुसरा शब्द नाही. ठेवीदारांचे पैसे बुडवून त्यांच्याच सभेत रुमालाने डोळे टिपणारा संचालक, विधवा वहिनीचा वाटा लिहून घेऊन वर तिच्या पोरक्या मुलांसाठी गहिवरणारा दीर, यांच्यासाठी तो जपून ठेवावा. तिथे अश्रूंमागची करणी कागदावर दिसते. पण नुसते अश्रू पाहून? आत्याला काय दिसले होते? भांडणे दिसली होती. ती तर सगळ्यांनाच दिसत होती.

मागच्या दिवाळीत काकूकडे गेले होते. तिने आता सत्तरी ओलांडली आहे. गुडघे दुखतात म्हणून ओट्यापाशी स्टूल घेऊन बसते आणि तिथूनच सुनेच्या भातात पाणी जास्त झाल्याचे जाहीर करते. सून उत्तर देते. दुपारी दोघी एकाच ताटलीतून चकल्या खात बसल्या होत्या. सून आत गेल्यावर मी हा विषय काढला. इतकी वर्षे मनात होते, आज विचारते, आजीच्या वेळी तू तेवढी रडलीस ती का?

काकूने माझ्याकडे असे पाहिले की प्रश्नच कळला नसावा. मग म्हणाली, "अगं, तुझे काका दिवसभर दुकानात. तुम्ही पोरं शाळेत. तुझी आई नोकरीला. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत त्या घरात आम्ही दोघीच असायचो. वीस वर्षं. त्या गेल्यावर मी बोलणार कोणाशी होते?"

मी आत्याचे वाक्य उच्चारले नाही. तीच म्हणाली, "वन्सं बोलल्या ते ऐकलं होतं मी. त्यांचीही आई गेली होती ना त्या दिवशी. तोंडाला येईल ते बोलतं माणूस." आणि मग जरा थांबून, चकलीचा तुकडा हातातच ठेवून, "तुम्ही पोरं मला मगर म्हणायचात, तेही ठाऊक आहे हो मला."

मला कुठे पाहावे ते कळेना. विषय बदलायचा म्हणून मी तिला बावामोहतऱ्याच्या गंगारामची गोष्ट सांगू लागले. तळे, पोरे, डाळभात, ट्रॅक्टर, फुले. तिने सगळे लक्ष देऊन ऐकले. शेवटी विचारले, "मग आता त्या बायका घाटावर धुणं धुवायला जातात, तेव्हा त्यांना चुकल्यासारखं होत असेल, नाही गं?"